रिकामं आलं तर

हेमांगी सावर्डेकरला कंपनीत सगळे मागून ‘रिकामं आलं तर’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कुणाचाही कोड तिच्यापुढे रिव्ह्यूला आला की पहिला प्रश्न ठरलेला. इथे तुम्ही माणसाचं नाव मागताय, ते रिकामं आलं तर? इथे ताप मोजताय, सेन्सरकडून काहीच आलं नाही तर? नवी पोरं वैतागायची. मॅडम, रिकामं कसं येईल, म्हणायची. येतं, एवढंच ती म्हणायची, आणि बहुतेक वेळा तिचंच खरं व्हायचं.

हे नाव तिला पहिल्यांदा ठेवलं तिच्या नवऱ्यानं. शिरीषही याच धंद्यातला. कोल्हापुरातली ही कंपनी त्यानं दोघा मित्रांना घेऊन काढलेली. लग्नाच्या आधीपासून ती त्याचा कोड तपासत आली होती आणि तो आरडाओरडा करत आला होता. डोकं होतं भन्नाट, पण हात घाईचा. आधी चालवून बघू, मग नीट लिहू, हा त्याचा खाक्या. निदान संसारात तरी काही गृहीत धर बाई, असं तो तिला म्हणायचा, आणि मग गुपचूप तिनं दाखवलेली चूक दुरुस्त करायचा.

ही गोष्ट काही फार पुढच्या काळातली नाही. आज शाळेत जाणारी पोरं नोकरीला लागतील, तेव्हाची. कंपनीचं एकच यंत्र होतं, ‘उच्चार’ नावाचं, आणि ते काय करायचं हे आधी सांगायला हवं. मज्जातंतूंच्या एका रोगात माणसाचे स्नायू एकेक करून ऐकेनासे होतात. हात जातात, पाय जातात, जीभ जाते, शेवटी पापणीसुद्धा हलत नाही. बुद्धी मात्र बहुतेकांची शाबूत राहते. माणूस आत जागा असतो आणि बाहेर त्याचा पत्ता नसतो. पण बोलायचं मनात आलं की मेंदूच्या ज्या भागातून जिभेला आणि ओठांना हुकूम सुटतो, तिथे बारीकशी वीज खेळतेच. हुकूम पोचत नाही, एवढंच. शिरीषनं आणि त्याच्या मित्रांनी त्या भागावर बसवायची केसाहून बारीक तारांची जाळी तयार केली. समोरच्या माणसाचं बोलणं थांबलं की यंत्र जाळीकडे बघतं, तिथे काही हुकूम सुटला असेल तर त्यावरून वाक्य ओळखतं, आणि त्या माणसाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून घडवलेल्या त्याच्याच आवाजात ते बोलून दाखवतं. इशारा पुसट असला तर त्या माणसाच्या सवयींचा आधार घेतं. या वेळेला, असं बोलणं ऐकल्यावर, हा बहुधा काय म्हणतो? मग आपली ओळख कितपत पक्की आहे याचे शंभरपैकी गुण स्वतःच देतं. चाळीसच्या खाली गुण असले तर गप्प बसायचं, असा नियम होता. आजाऱ्याच्या तोंडी भलतं वाक्य जाऊ नये, म्हणून.

यंत्र तयार झालं, शेकडो घरांत गेलं, आणि मग तोच रोग शिरीषला झाला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. हेमांगीनं नशिबाला नावं ठेवली नाहीत की देवालाही ठेवली नाहीत, ती कामाला लागली. जाळी बसवली. दिवसभर एक परिचारिका ठेवली. राजारामपुरीतल्या घरात पुढची खोली त्याची केली, म्हणजे येणारा-जाणारा आधी त्याला दिसेल.

आणि शिरीष बोलत राहिला. संध्याकाळी ती दारातूनच ‘आले रे’ म्हणायची आणि खोलीतून त्याचा आवाज यायचा, “आज काय तपासलंस?” ती बॅग ठेवून त्याच्या पलंगाशी बसायची आणि सांगत सुटायची. मध्ये थांबली की तो म्हणायचा, “मग?” सांगून संपलं की म्हणायचा, “बरं केलंस.” मुलगी केतकी कॉलेजातनं आली की तिच्याशीही गप्पा. ‘शाबास पोरी’ हा त्याचा ठेवणीतला शब्द. अलीकडे तो लांबलचक असं काही बोलत नसे, हे हेमांगीच्या लक्षात आलं होतं. पण दमत असेल, असं तिला वाटायचं. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली की निम्मं बोलणं सवयीचंच असतं, आणि ते तसं आहे म्हणून कुणी बिचकत नाही.

त्या मंगळवारी मल्लिनाथ बिराजदार तिच्या टेबलाशी आला तो पडेल चेहऱ्यानंच. मल्लिनाथ सोलापूरचा, पस्तिशीचा, कामाला चोख. त्याच्याकडे शिरीषचं एक जुनं काम नव्यानं लिहायला दिलं होतं. ‘उच्चार’मध्ये बोलायचं की गप्प बसायचं हे ठरवणारा तुकडा शिरीषनं शेल स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवला होता. अगदी सुरुवातीला, पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशी, घाईघाईनं. नंतर नीट लिहू म्हणाला आणि ते नंतर काही आलं नाही. शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाच्या हाती दिलेली कामांची चिठ्ठी. हे कर, त्यातून जे निघेल ते त्याला दे, मग ते कर. लिहायला सोपी, पण प्रत्येक ओळीला वेगळा छोटा प्रोग्रॅम उठवावा लागतो, त्यात वेळ जातो आणि बॅटरी खाल्ली जाते. तेच सी भाषेत लिहिलं की सगळं मिळून एकच सुटसुटीत प्रोग्रॅम होतो. मग पलंगाशेजारची पेटी नको, कानामागं मावेल एवढी चकती पुरते.

अशा बदलाचा एक कडक नियम असतो. जुनं जसं वागतं तसंच नव्यानं वागायचं, शहाणपणा करायचा नाही. ते तपासायला घराघरांतून आलेल्या जुन्या नोंदी दोन्हींना खायला घालतात आणि दोघांचं उत्तर शेजारी-शेजारी ठेवून बघतात. नोंदींवर कुणाचं नाव नसतं, नुसते नमुना एक, नमुना दोन.

मल्लिनाथचं म्हणणं असं, की त्याच्या कोडमध्ये कुठंतरी चूक आहे आणि ती त्याला सापडत नाही. बाकी सगळं जुळतंय. पण काही ठिकाणी जुनं बोलतं आणि नवं गप्प बसतं. त्यानं दोन दिवस डोकं फोडलं होतं.

हेमांगीनं दोन्ही कोड पुढ्यात ओढले. दहा मिनिटंही लागली नाहीत. शिरीषची ओळ साधी होती: गुण चाळीसपेक्षा कमी असतील तर थांब. तिच्या खालची ओळ: बोल. तिनं मल्लिनाथला नेहमीचा प्रश्न विचारला. गुण रिकामे आले तर?

ते येतात, मल्लिनाथ म्हणाला. जाळीकडून काहीच आलं नाही तर यंत्र गुणच देत नाही, जागा कोरी सोडतं. सी मध्ये त्या कोऱ्या जागेचा आकडा करायला सांगितला की शून्य हाती येतं. शून्य चाळीसपेक्षा कमी, म्हणून नवा प्रोग्रॅम गप्प बसतो. यात चुकलं कुठं?

चुकलं नव्हतंच. चुकलं होतं जुन्यात. पेपर तपासायला एखादा भोळा कारकून बसवावा, चाळीसच्या आतले नापासांच्या गठ्ठ्यात टाक म्हणून सांगावं, आणि एक पेपर कोराच निघावा, तसं ते होतं. कोऱ्याची चाळीसशी तुलना करायची कशी, हे ती चिठ्ठी वाचणाऱ्या शेलला कळत नाही. तो ‘इथे आकडा हवा’ अशी कुरकुर करतो, ती ओळ सोडून देतो आणि पुढच्या ओळीवर जातो. पुढची ओळ: बोल. बरं, ती कुरकुर तरी कुणाच्या कानावर जावी, तर पहिल्या चाचणीत यंत्रानं असलीच एक कुरकुर पेशंटच्या आवाजात मोठ्यानं वाचून दाखवली होती आणि सगळे पोट धरून हसले होते. म्हणून शिरीषनं ती परस्पर कचऱ्यात ओतायची सोय करून ठेवली होती.

म्हणजे इशारा पुसट असला की यंत्र गप्प, आणि इशाराच नसला की यंत्र बोलणार. काय बोलणार? हाती काहीच नाही म्हटल्यावर नुसती सवय उरते. या वेळेला हा माणूस बहुधा काय म्हणतो, ते.

हेमांगीला क्षणभर बरं वाटलं. एवढी जुनी चूक सापडली की तिला लहान मुलासारखा आनंद व्हायचा, आणि संध्याकाळी शिरीषला हे सांगून त्याला छळायचं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं मल्लिनाथला न जुळलेल्या ओळी दाखवायला सांगितल्या.

नमुना एक. डावीकडे जुनं, उजवीकडे नवं. डावीकडे लिहिलं होतं, ‘आज काय तपासलंस?’ उजवीकडे कोरं. डावीकडे ‘मग?’, उजवीकडे कोरं. डावीकडे ‘बरं केलंस’, उजवीकडे कोरं.

मल्लिनाथ काहीतरी सांगत होता, ते तिच्या कानात शिरेना. तिनं पान खाली सरकवलं. पावसाळा, उन्हाळा, त्याच्या आधीचा होळीचा महिना. उजवी बाजू सगळी कोरी होती. किती संध्याकाळी ती त्या पलंगाशी बसून मन मोकळं करत आली होती, आणि तिकडून नुसती सवय उत्तर देत होती. ती सरकवत सरकवत संक्रांतीपर्यंत मागं गेली, तेव्हा कुठं दोन्ही बाजू जुळायला लागल्या.

पण तिचा हात रिव्ह्यू करणाऱ्याचा. तो थांबत नाही. रिकाम्यांचं कळलं, मग पुसटांचं काय? चाळीसच्या आतले गुण पडले म्हणून जी वाक्यं गिळली गेली, ती होती का काही? तिनं मल्लिनाथला चाळीसचा नियम तेवढ्यापुरता उचलायला सांगितलं. बोलू देत सगळं, म्हणाली. फक्त नमुना एक.

फारशी नव्हतीच. माघातल्या काही संध्याकाळी आणि एक-दोन दुपारी. पडद्यावर एकाखाली एक उमटली.

‘मी नाही.’

‘मी नाही बोललो.’

‘रिकामं.’

‘रिकामं आलं हेमा.’

ते शेवटचं तीनदा होतं. गुण एकतीस, मग चोवीस, मग अकरा. त्याच्यानंतर काही नाही.

हेमा हा शब्द वाचला आणि मल्लिनाथला उमगलं नमुना एक कोण ते. हेमांगी त्या पहिल्या ‘रिकामं आलं’ची तारीख बघत होती. ती संध्याकाळ तिला आठवत होती. पुण्याच्या एका टीमचा कोड तिनं त्या दिवशी परत पाठवला होता आणि ती हसत हसत शिरीषला सांगत होती, की बघ, रिकामं आलं तर काय हे त्यांनी बघितलंच नव्हतं. त्याच्या आवाजात यंत्र म्हणालं होतं, “बरं केलंस.” आणि आत तो, ते आपण बोललोच नाही हे ऐकून, क्षणात सगळं ओळखून, उरलासुरला जोर लावून तिला तिच्याच शब्दांत सांगत होता. आयुष्यभर ती त्याच्या चुका काढत आली, आणि ही एक त्यानं स्वतः काढली तर ती तिच्यापर्यंत पोचली नाही.

ती रडली. टेबलावर डोकं ठेवून, ऑफिसात, सगळ्यांदेखत. मल्लिनाथनं पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि पाठ करून उभा राहिला, म्हणजे तिच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये.

तिचं रडणं ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, की नवा प्रोग्रॅम सगळीकडे जाईलच, पण तिच्या घरची पेटी जुन्यावर ठेवता येईल. एका पेटीचं कुणाला काही कळणार नाही. केतकीसाठी तरी.

हेमांगीच्या मनात ते आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. रोज दारातून ऐकू येणारा तो आवाज तिला हवा होता, खोटा तर खोटा.

“तो आत ऐकत असला तर, मल्लिनाथ?” ती म्हणाली. “जाळीभोवती मांस वाढून तारा झाकल्या गेल्या म्हणून इशारा थांबला, की तोच थांबला, हे मला कोण सांगणार? त्याच्या आवाजात दुसरंच कुणी माझ्याशी संसार करतंय आणि तो पडून ऐकतोय. असं मी त्याला किती दिवस ठेवू?”

त्या दिवशी ती लवकर घरी गेली. दारात तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, ‘आले रे’. आतून आवाज आला, “आज काय तपासलंस?”

ती बॅग खांद्यावर तशीच घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. चेहरा नेहमीसारखाच होता, परिचारिकेनं दाढी केलेली, डोळे अर्धवट मिटलेले. “तुझंच,” ती म्हणाली.

“मग?” यंत्र म्हणालं.

“सापडलं मला, शिरीष. तू सांगितलेलं सापडलं. उशीर झाला रे.”

“बरं केलंस,” यंत्र म्हणालं.

तिनं वाकून पेटीचा स्पीकर बंद केला आणि त्याचा हात हातात घेऊन अंधार पडेपर्यंत बसून राहिली.

केतकीला सांगणं याहून अवघड गेलं. पोरगी आधी ऐकूनच घेईना. मग तिनं एकच विचारलं. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी ती पेढे घेऊन बाबांच्या खोलीत धावत गेली होती आणि बाबा म्हणाले होते, शाबास पोरी. ते तरी बाबाच म्हणाले होते ना? हेमांगीनं ती नोंद बघितली होती. खोटं बोलायला फक्त मान हलवायची होती, आणि तिची मान हलली नाही. यंत्र म्हणालं होतं, तिनं सांगितलं.

“तू बाबांना बंद केलंस,” केतकी म्हणाली आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. पुढं आठवडाभर ती आईशी कामापुरतं बोलली.

कंपनीत वरच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. घराघरांत आवाज एकदम बंद पडले तर लोक आपल्याला फाडून खातील, गुपचूप जुनंच चालू ठेवावं, असंही कुणी सुचवून पाहिलं. हेमांगी बधली नाही. ज्या ज्या घरात रिकामं बोलत होतं, त्या प्रत्येक घरी आधी माणूस जाऊन समोर बसून सांगेल, मगच नवा प्रोग्रॅम चढेल, असं तिनं लिहून घेतलं. पहिल्या काही घरी ती स्वतः गेली. इचलकरंजीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, बायकोच्या पलंगाकडे बघितलं आणि विचारलं, की मग रोज सकाळी मला उठवत होतं ते कोण?

मल्लिनाथकडून तिनं आणखी एक गोष्ट करून घेतली. चाळीसच्या आतलं वाक्य यापुढं गिळायचं नाही. बोलायचंही नाही, पण पडद्यावर फिक्या अक्षरात दाखवायचं, पुढं गुण लिहून. खरं की खोटं ते घरच्यांनी ठरवावं. मग तिनं त्याच्या कोडखाली आपला शेरा लिहिला: ‘रिकामं आलं तर गप्प. बरोबर आहे. मंजूर.’ इतक्या वर्षांत तिनं हे शेवटचे तीन शब्द पुष्कळदा लिहिले होते. या वेळी ते लिहायला तिला अख्खी दुपार लागली.

पहिली चकती शिरीषच्या कानामागं बसली. पेटी मल्लिनाथनं स्वतः येऊन उचलून नेली. पलंगाच्या पायथ्याशी वहीएवढा पडदा लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमांगी घरी आली. दारात ‘आले रे’ म्हणाली. आतून काही आलं नाही. हे होणार हे तिला माहीत होतं, तिनंच केलं होतं, तरी तिचे पाय उंबऱ्यातच थांबले. मग तिनं बॅग ठेवली, हातपाय धुतले आणि पलंगाशी जाऊन बसली. पडदा कोरा होता. तिला बोलायला काही सुचेना. विचारलंच नाही कुणी, तर सांगायचं कशावरून सुरू करायचं?

मागं दार वाजलं. केतकी तिच्या खोलीतून आली, थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली, मग पलंगाच्या दुसऱ्या बाजूला येऊन तिनं बाबांचा दुसरा हात हातात घेतला. आईकडे न बघता म्हणाली, “आई, आज काय तपासलंस?”

हेमांगीनं सांगायला सुरुवात केली. मल्लिनाथचं नवं काम, त्यात राहून गेलेली एक बारीक गोष्ट, त्यावर झालेली वादावादी. मध्येच ती थांबली.

“मग?” केतकी म्हणाली.

हेमांगी पुढं सांगू लागली. आता ती मुलीकडे बघून बोलत नव्हती, शिरीषकडे बघून बोलत होती, थोडं मोठ्यानं, सावकाश, आणि प्रत्येक वाक्यानंतर त्या कोऱ्या पडद्याकडे बघत, त्याला वेळ मिळावा म्हणून थांबत होती.